सीपीयू दुरुस्तीला गेला आणि रॅम निम्मी होऊन आली

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर आणि मोबाईल

यावेळी बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, दुरुस्तीवाल्यावर विश्वास ठेवला आणि फसलो. त्यातली तीन घेतोय, आणि चौथं एका दुरुस्तीवाल्याचंच. मी स्वतः बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलंय त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहितीयेत, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, माझं कराडजवळ छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज टाईप करून देणं असली कामं. ऐन लग्नसराईत सीपीयू चालूच होईना, स्क्रीन काळी आणि नुसतं बीप बीप. आम्ही कायम ज्याच्याकडून काम करून घेतो तो मुलगा आला, म्हणाला इथे होणार नाही दुकानात न्यावं लागेल, आणि घेऊन गेला. चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी आणून दिला, म्हणाला हार्ड डिस्क उडाली होती, नवीन एसएसडी टाकली, रॅम पण बदलली, ६,८०० द्या. मी लगेच जीपे केले. आता मशीन आधीपेक्षा हळू चालतंय, कोरल ड्रॉ उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि भाच्याने बघितलं तर रॅम ४ जीबी दाखवतंय, माझी ८ होती. विचारलं तर म्हणतो ताई आधीपासून ४च होती, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. बिल नाही, जुनी डिस्कही परत दिली नाही. मिस्टरांच्या ओळखीतला आहे म्हणून ते म्हणतात जाऊ दे. पण माझं मन मानत नाही. काय करू?

उत्तर : ताई, जाऊ देऊ नका. पण भांडायला पण लगेच जाऊ नका, आधी मशीनलाच विचारा, कारण मशीनमध्ये बऱ्याच गोष्टींची नोंद असते आणि त्या नोंदीपुढे "तुम्हाला काय कळतंय" हे वाक्य टिकत नाही.

पहिली गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. स्क्रीन काळी आणि बीप बीप, हे बहुतेक वेळा रॅमचं, म्हणजे मशीनच्या काम चालू असतानाच्या मेमरीचं, दुखणं असतं. नुसती हार्ड डिस्क गेली तर मशीन चालू होतं, कंपनीचं नाव दिसतं आणि मग बूट डिव्हाईस सापडत नाही अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज येतो. दोन्ही एकाच दिवशी जाणं अशक्य नाही पण क्वचित घडतं, त्यामुळे डिस्क गेली हे त्याने कशावरून ठरवलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आपल्याकडे पावसाळ्यात, धुळीत रॅमच्या पट्टीच्या खालच्या सोनेरी दातांवर एक काळपट थर धरतो. मशीन बंद करून वायर काढायची, पट्टी काढायची, शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर घेऊन ते दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासायचे, खोडरबराचा चुरा काळा पडतो, पट्टी बसते ती खाच, म्हणजे स्लॉट, मऊ ब्रशने झाडायचा, पट्टी परत दाबून बसवायची, दोन्ही कडेच्या खिट्ट्या टक् करून बसल्या पाहिजेत. अशी किती मशीन मी दहा मिनिटांत चालू करून दिलीत त्याची गणती नाही.

आता तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथे एकूण किती जीबी, स्पीड किती आणि किती स्लॉटपैकी किती वापरात हे लिहिलेलं असतं. ८ जीबीच्या मशीनवर वापरायला ७.८ वगैरे दिसलं तर ती चोरी नव्हे, थोडी रॅम डिस्प्लेसाठी राखीव जाते. आणि २ पैकी १ स्लॉट असं दिसलं तर लगेच चोर ठरवू नका, भाच्याला झाकण उघडून बघायला सांगा, कधीकधी दुसरी पट्टी आत असते पण नीट बसलेली नसते आणि मग मशीन निम्मीच रॅम मोजतं. हे माझ्या हातूनही झालेलं आहे आणि गिऱ्हाईकाकडे परत जाऊन मी माफी मागितली होती. पट्टी आत नसेलच तर मात्र ती कुठे गेली हा सरळ प्रश्न आहे.

मग एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नव्या प्रकारची डिस्क. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो त्याच्या मूळ साईटवरून उतरवा. त्यात पॉवर ऑन अवर्स म्हणजे ती डिस्क आयुष्यात एकूण किती तास चालू होती ते दिसतं. नवी डिस्क टाकून पंधरा दिवस झाले असतील आणि तुम्ही रोज आठ तास काम करत असाल तर आकडा शे-सव्वाशेच्या आसपास हवा. तिथे समजा १४,००० दिसले तर रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरून ती जवळपास सहा वर्षं कुणाच्या तरी मशीनमध्ये राबलेली डिस्क आहे, "नवीन" नाही. रॅमसाठी सीपीयू-झेड नावाचा प्रोग्राम, त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये बऱ्याच पट्ट्यांचं बनवल्याचं वर्ष आणि आठवडासुद्धा दिसतो. या सगळ्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

८ जीबी होती याचा पुरावा शोधा. मशीन घेतलं तेव्हाचं बिल, कोटेशन, जिथून घेतलं त्या दुकानाची नोंद, कॅबिनेटवरचं स्टिकर, काहीही. यावर सगळं अडतं, खरं सांगतो. बिल मिळालं तर बाजू तुमची भक्कम.

आता त्याच्याशी बोलणं. फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर लिहा, कारण लिहिलेलं राहतं. रागाचा एक शब्द नको. असं लिहा : "दादा, अमुक तारखेला तुम्ही सीपीयू नेला, अमुक तारखेला ६,८०० रुपये जीपे केले. एसएसडीचे तास इतके दिसतायत, रॅम ८ची ४ झालीय, मूळ बिलाचा फोटो जोडलाय. मला जुनी हार्ड डिस्क, जुनी रॅम आणि बदललेल्या पार्टचं बिल शनिवारपर्यंत हवं आहे." बस एवढंच. मिस्टरांना सांगा की आपण ओळख तोडत नाही, हिशोब मागतोय. माझा अनुभव असा की इतकं मुद्देसूद लिहिलं की बरेच जण दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन दारात येतात, कारण त्यांना कळतं की समोरच्याने मोजलंय.

आणि जुनी डिस्क मागाच मागा, ती तुमची आहे. तिच्यावर तुमच्या गिऱ्हाईकांचे आधार कार्डाचे स्कॅन, बँकेचे अर्ज, काय काय असणार. "उडालेली" डिस्कसुद्धा बऱ्याचदा वाचता येते, म्हणून ती दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये राहू देऊ नका.

नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिलेल्या सेवेचं बिल नाकारणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात करता येते म्हणजे तुम्हाला साताराच. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईनही होते. एक बारकावा मात्र सांभाळा, मशीन धंद्याचं आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा समोरून येऊ शकतो, तेव्हा तक्रारीत स्पष्ट लिहा की हे मशीन स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी मी स्वतः वापरते. कायद्यात त्याला सूट आहे.

आणि "बिल हवं तर १८ टक्के जादा" असं कुणी म्हणालं तर त्याचा जीएसटी नंबर विचारा. फक्त सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. त्याने साध्या कागदावर सही करून दिलेली पावतीसुद्धा तुम्हाला चालते.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलवर राहते. लॅपटॉपची स्क्रीन फुटली म्हणून दुकानात दिला, त्यांनी पासवर्ड मागितला, मी दिला. दोन दिवसांनी परत आणला तर फोटो अॅपमध्ये माझे घरचे फोटो उघडलेले दिसले, ट्रिपचे, भावाच्या लग्नाचे, काही अगदी खासगी पण आहेत. मी कुणाला सांगितलेलं नाही. कॉपी केले असतील का? झोप लागत नाही.

उत्तर : बाळा, आधी हे की चूक तुझी नाही. पासवर्ड देणं म्हणजे फोटो बघायची परवानगी देणं नव्हे, हे डोक्यात पक्कं कर. आणि एकटी राहू नकोस, आई, ताई, मैत्रीण, ज्या कुणावर विश्वास आहे तिला आज सांग.

स्क्रीन बदलायला विंडोजचा पासवर्ड लागत नाही. लॉगिनचं पान दिसलं, रंग नीट दिसले, की काम तपासून झालं. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता, मुद्दाम किरकोळ बिघाड केलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि आत काय उघडलं जातंय याची नोंद ठेवली, तर सहा ठिकाणी खासगी फाईली उघडल्या गेल्या आणि त्यातल्या दोन ठिकाणी कॉपीसुद्धा झाल्या, बाईच्या नावाच्या लॅपटॉपवर जास्त. आणि हाँगकाँगमध्ये २००८ साली अभिनेता एडिसन चेन याचे खासगी फोटो बाहेर आले होते तेही दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधूनच, तो तंत्रज्ञ पुढे दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. हे तुला घाबरवायला नाही सांगत. तुला जे वाटतंय ते मनाचे खेळ नाहीत आणि याला शिक्षा होते, एवढ्यासाठी सांगतोय.

आता लॅपटॉपवर कमीत कमी काम कर आणि काहीही डिलीट करू नकोस. फाईल एक्सप्लोररमधल्या रिसेन्ट यादीचे फोटो काढ, ब्राउझरची त्या दोन दिवसांची हिस्टरी बघ. विंडोज फोल्डरमध्ये आयएनएफ नावाचं फोल्डर असतं, त्यात सेटअप-एपीआय-डेव्ह नावाची लॉग फाईल आहे, मशीनला पहिल्यांदा जोडलेल्या पेनड्राईव्हची तारीख-वेळेसह नोंद तिथे सापडते. तुझा लॅपटॉप दुकानात असताना तिथे अनोळखी पेनड्राईव्ह किंवा डिस्कची नोंद असेल तर तो मोठा धागा आहे. ती फाईल मेलवर स्वतःला पाठवून ठेव. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून गुगलचा पासवर्ड बदल, लॉगिन असलेल्या डिव्हाईसची यादी बघ, व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाईस बघून अनोळखी असेल ते काढून टाक.

तक्रार सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर करता येते, महिलांशी संबंधित असल्या तक्रारीला नाव न देताही करायची सोय आहे, पण पुढे तपास व्हायचा असेल तर नाव देऊन केलेली जास्त चालते, सोबत कुणाला तरी घेऊन जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खासगी फोटो कुठे फिरतील अशी भीती असेल तर स्टॉप-एनसीआयआय नावाची सेवा आहे, त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, तुझ्याच मशीनवर त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. दुकानात एकटीने जाब विचारायला जाऊ नकोस, पुरावा पुसायची संधी मिळते त्यांना.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई-बाबा डोंबिवलीला. बाबांनी एक कॉम्प्युटरवाला धरलाय, तो दर महिन्याला "सर्व्हिसिंग"चे १,५०० नेतो, शिवाय अँटीव्हायरसचे वेगळे. मशीनवर एनीडेस्क टाकलेलं आहे, बाबा म्हणतात तो घरबसल्या दुरुस्त करतो, चांगला मुलगा आहे. आता म्हणतोय विंडोज १० बंद झालं, लॅपटॉप बाद, ४५,००० चा नवीन घ्या. मी ओरडलो तर बाबांनी फोन ठेवला.

उत्तर : बाबांना परत फोन करा, पण कॉम्प्युटरचा विषय काढू नका पहिल्या दिवशी. तो मुलगा दर महिन्याला येतो, चहा पितो, बाबांशी दोन गोष्टी बोलतो, आणि तुम्ही सात समुद्रापलीकडे आहात. हे मी टोचून बोलत नाहीये, असल्या घरांत मी स्वतः गेलोय आणि दुरुस्ती दहा मिनिटांची असली तरी गप्पा तासाभराच्या व्हायच्या. त्याला चोर म्हटलं की बाबांना वाटतं आपल्याला मूर्ख म्हटलं.

मग कामाचं. घरच्या लॅपटॉपला महिन्याचं सर्व्हिसिंग लागत नाही. वर्षातून एकदा पंखा साफ केला तरी पुष्कळ. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीपासून आहे, आई-बाबांच्या वापराला तेवढं पुरतं. एनीडेस्क म्हणजे लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायचा प्रोग्राम, त्याच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली अनअटेंडेड अॅक्सेस चालू असेल तर समोर कुणी बसलेलं नसतानाही त्याला मशीन उघडता येतं, आणि त्याच मशीनवर बाबा नेटबँकिंग करत असतील तर हे घराची किल्ली देण्यासारखंच झालं. ते आजच काढायला लावा, मग बँकेचे पासवर्ड मोबाईलवरून बदला. पैसे गेल्याचं कधीही दिसलं तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. पुढे मदत लागेल तेव्हा विंडोजमधलंच क्विक असिस्ट वापरा, कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबलं की उघडतं, तुम्ही तिकडून कोड सांगायचा, बाबांनी टाकायचा आणि परवानगी द्यायची, बंद केलं की संबंध संपला.

विंडोज १० चं अर्धंच खरं सांगितलंय त्याने. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, पण मशीन बंद पडत नाही आणि घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवलीय. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर बहुतेक विंडोज ११ सुद्धा चालेल. मशीन हळू वाटत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, नवीन लॅपटॉपच्या फार थोड्या पैशात फरक पडतो. आणि त्याने टाकलेलं विंडोज खरं आहे का तेही बघा, रन उघडून एसएलएमजीआर, एक जागा सोडून स्लॅश एक्सपीआर टाईप करा, "कायमचं अॅक्टिव्ह" ऐवजी काही महिन्यांपुढची तारीख दिसली तर घरच्या मशीनवर ते बहुधा क्रॅक केलेलं, म्हणजे विकत न घेता चोरून चालवलेलं, आहे, आणि क्रॅक टाकताना डिफेंडर बंद करायला लावतात, दार तिथूनच उघडं राहतं.

प्रश्न : सर मी लातूरला रिपेअरिंग करतो. तुम्ही सगळे आम्हालाच चोर म्हणता. गिऱ्हाईक दोन तास बसवून घेतं, फॉल्ट शोधून दिला की म्हणतं काहीच तर बदललं नाही, पैसे कसले. मग पार्ट बदलला म्हणून सांगावं लागतं. आम्ही काय खायचं?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बरोबर बोलताय आणि हे गिऱ्हाईकांनी पण वाचावं म्हणून इथे घेतलं. खोडरबराने रॅम पुसून मशीन चालू केलं आणि ३०० मागितले तर माणसं भांडतात, तीच रॅम "गेली" म्हणून सांगून १,८०० घेतले तर थँक्यू म्हणून देतात. डॉक्टरची फी औषधाशिवाय देतो आपण, पण दुरुस्तीवाल्याच्या डोक्याची फी द्यायची सवय आपल्याला नाही, आणि त्या सवयीने चांगले कारागीरसुद्धा खोटं बोलायला लागलेत. मी बघितलंय, माझ्या बरोबरीची दोन हुशार पोरं अशीच गेली त्या वाटेला.

पण तरी "सांगावं लागतं" हे मला मान्य नाही. सांगावं लागत नाही. मी पण पहिली दोन वर्षं तेच केलं असतं, माझ्या उस्तादाने करू दिलं नाही. त्याने काउंटरवर पाटी लावली होती, तपासणी फी अमुक, दुरुस्ती केली तर त्यातून वजा. सुरुवातीला गिऱ्हाईक कमी झालं, भाडं थकलं, मग जे टिकले ते दहा-दहा वर्षं टिकले. तुम्ही पाटी लावा. कार्बनचं पावतीपुस्तक आणा आणि मशीन घेताना गिऱ्हाईकासमोर झाकण उघडून लिहा : रॅम किती, डिस्क कुठली आणि तिचा सिरीयल नंबर, चार्जर दिला का, तक्रार काय, किती खर्चापर्यंत न विचारता करायचं. गिऱ्हाईकाची सही, तुमची सही. काढलेला पार्ट पिशवीत घालून परत द्यायचा, तो मागो न मागो. पासवर्ड लागत नसेल तर मागायचाच नाही, लागत असेल तर गिऱ्हाईकाला समोर बसवून त्यालाच टाकायला सांगायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि उद्या कुणी उठून माझी ८ची ४ झाली म्हणालं तर तीच पावती तुम्हालाही वाचवते.

पाटी लावली की फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.